शेकडा एक : मुलांच्या कण्यावरील शस्त्रक्रिया आणि मज्जारज्जूच्या इजेची मोजणी

मुलांच्या पाठीच्या कण्यावरील शस्त्रक्रियांविषयी गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे वाङ्मय निर्माण झाले, त्यात शेकडा एक हा आकडा वारंवार भेटतो. अशा शंभर शस्त्रक्रियांत सुमारे एका मुलाच्या मज्जारज्जूस अथवा त्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंस नवी इजा पोहोचते, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. निबंधातून तो पाठ्यपुस्तकात जातो, पाठ्यपुस्तकातून वर्गात, आणि अखेरीस रुग्णालयातील त्या लहानशा खोलीत, जिथे मुलाचे आईवडील संमतिपत्रावर सही करण्यास बसलेले असतात. हे आईवडील अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील सुपा या गावचे आहेत, असे धरून चालू. पुणे-नगर महामार्गावरील हे गाव आता औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. तथापि मुलाच्या कण्याची मोठी शस्त्रक्रिया करावयाची, आणि तीही मज्जारज्जूवर यंत्राने देखरेख ठेवून, तर तेथील कुटुंबास बहुधा पुण्याचीच वाट धरावी लागते. त्यांना सांगितला जाणारा ‘शंभरात एक’ कोणत्या मुलांना मोजून आला, कोणी मोजला आणि कधी मोजला, याची छाननी करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आकडा खोटा आहे असा आमचा आरोप नाही. तो ज्या मुलांचा आहे ती मुले आणि ज्याच्याविषयी तो सांगितला जातो ते मूल यांच्यात फार अंतर पडले आहे, आणि मराठीत तर हे अंतर एका शब्दानेच झाकले गेले आहे, एवढेच आमचे म्हणणे.

कण्याचा बाक आतून धातूचा दांडा बसवून सरळ करण्याची पद्धत ह्यूस्टन येथील पॉल हॅरिंग्टन यांनी 1962 साली सविस्तर प्रसिद्ध केली. पोलिओने कणा वाकलेल्या मुलांवरील उपचारांतून ती जन्मली होती. बाकाच्या दोन टोकांना आकडे अडकवावयाचे आणि मधील दांड्याने ती एकमेकांपासून दूर सारावयाची, ही त्यातील मूळ कल्पना. मणके यामुळे सरळ होतात. परंतु मणक्यांच्या पोकळीतून जाणारा मज्जारज्जू हाडासारखा नाही. तो ताणला जातो, त्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, आणि मूल शुद्धीवर येते तेव्हा त्याचे पाय हलत नाहीत. इजेचे हे एकच कारण नव्हे. मणक्यात बसविलेला स्क्रू आतल्या बाजूस घसरू शकतो. भूल दिलेली असताना रक्तदाब उतरला तर आधीच कसाबसा पुरणारा रक्तपुरवठा खुंटतो. कुबड असलेल्या मुलात मज्जारज्जू पुढच्या हाडाच्या टोकावर दोरीसारखा ताणून बसलेला असतो, त्यामुळे थोडी हालचालही महागात पडते. क्वचित इजा शस्त्रक्रियागृहात दिसतच नाही, काही तासांनी अथवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रगट होते. मोजणी कधी करावी हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक राहत नाही.

या विषयावरील पहिला मोठा वृत्तांत मॅकएवन, बनेल आणि श्रीराम यांनी 1975 साली स्कोलिओसिस रिसर्च सोसायटीच्या वतीने प्रसिद्ध केला. 1965 ते 1971 या काळात सोसायटीच्या सभासदांनी उपचार केलेल्या 7,885 रुग्णांची ती पाहणी होती, आणि तिच्यातून 0.72 टक्के हे प्रमाण पुढे सर्वत्र उद्धृत झाले. वृत्तांत आजही वाचण्यासारखा आहे, आणि तो त्या टक्केवारीसाठी नव्हे. बाक फार मोठा असणे, मणक्यांची जन्मतः सदोष घडण आणि त्यासोबतचे कुबड, आधीपासूनच पायांत असलेली दुर्बलता, शस्त्रक्रियेपूर्वी दिलेला ताण, या गोष्टी असतील तेथे धोका अधिक, हे त्याने स्पष्टपणे नोंदविले. आणि इजा लक्षात येताच दांडा काढून घेण्यास विलंब करू नये हेही बजावले. म्हणजे धोका सर्व मुलांवर सारखा पसरलेला नाही, काही मुलांच्या ठायी तो साठलेला आहे, ही या वृत्तांताची खरी शिकवण होती. पुढच्या पिढीने टक्केवारी उचलली आणि यादी मागे ठेवली. उद्धृत करण्याच्या सोयीने विद्वत्तेचे किती नुकसान केले आहे, याचा हा एक लहानसा दाखला समजावा.

त्याच सोसायटीच्या नोंदींवर आधारलेले दोन निबंध 2011 साली प्रसिद्ध झाले. रीम्स आणि सहकाऱ्यांनी 2004 ते 2007 या काळातील मुलांच्या कण्याच्या बाकावरील 19,360 शस्त्रक्रियांचा आढावा घेतला. सर्व प्रकारच्या अनिष्ट परिणामांचे प्रमाण 10.2 टक्के, आणि मज्जारज्जू व मज्जातंतूंच्या नव्या इजांचे सुमारे 1 टक्का. परंतु हा एक टक्का फोडून पाहिला की त्यात तीन निरनिराळी मुले दिसतात. कारण अज्ञात असलेला बाक, जो बहुधा निकोप प्रकृतीच्या वयात येणाऱ्या मुलींत आढळतो, त्यात 0.8, स्नायू वा मज्जेच्या रोगामुळे आलेल्या बाकात 1.1, आणि जन्मतः मणके सदोष असलेल्या मुलांत 2.0. हॅमिल्टन आणि सहकाऱ्यांच्या निबंधात लहानमोठ्या सर्व रुग्णांच्या 1,08,419 शस्त्रक्रिया होत्या. त्यात मुलांतील प्रमाण 1.32 आणि प्रौढांतील 0.83 टक्के निघाले. सोसायटी तीच, नोंदवही तीच. तरी मुलांना एका पद्धतीने गोळा केले की एक, दुसऱ्या पद्धतीने केले की एक पूर्णांक एकतृतीयांश. या दोन निबंधांत विरोध नाही. विरोध आहे तो त्यांना एकाच वाक्यात बसविणाऱ्या पाठ्यपुस्तकात.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. या नोंदी सभासद शल्यविशारदांनी स्वतः भरून पाठविलेल्या आहेत. ज्याच्या हातून शस्त्रक्रिया झाली, त्यानेच तिचे फळ नोंदवावयाचे. अप्रामाणिकपणाचा संशय आम्ही घेत नाही. मनुष्याला जे शोधावयाचे नसते ते त्याला कमी दिसते, इतकाच हा साधा प्रश्न आहे. याची प्रचीती 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने दिली. ती प्रौढांची होती, मुलांची नव्हे, हे आधीच सांगितले पाहिजे. पंधरा केंद्रांतील गुंतागुंतीच्या विकृती असलेल्या 272 रुग्णांच्या पायांतील शक्ती शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर ठरलेल्या परीक्षेने, स्नायुगणिक गुण देऊन मोजली गेली. घरी जाताना ज्यांची शक्ती आधीपेक्षा कमी झालेली होती, असे रुग्ण निघाले 22.18 टक्के, सहा महिन्यांनी ते 10.82 टक्क्यांवर आले. रुग्ण अवघड होते, शस्त्रक्रिया मोठ्या होत्या, हे सर्व मान्य करूनही एक आणि बावीस यांमधील अंतर केवळ रुग्णांच्या अवघडपणाने भरून निघत नाही. त्यातील काही भाग पाहण्याच्या पद्धतीचा आहे. आठवून भरलेला तक्ता एक सांगतो, आणि हाताने पाय दाबून केलेली परीक्षा दुसरे.

मुलांच्या बाबतीत याहून बोलका निबंध 2013 सालचा आहे. लेंकी आणि सहकाऱ्यांनी तीव्र विकृती असलेल्या 147 मुलांची पाहणी केली. त्यांच्या कण्यातील अखंड मणका काढून मग कणा सरळ करण्यात आला होता. आजच्या शल्यशास्त्रातील ही बहुधा सर्वांत धाडसी रीत. यांपैकी 39 मुलांच्या बाबतीत, म्हणजे 27 टक्क्यांत, शस्त्रक्रिया चालू असतानाच मज्जारज्जूच्या देखरेखीत बदल दिसला अथवा जागृतीची परीक्षा विफल झाली. आणि कायमचा संपूर्ण अधरांगघात, म्हणजे दोन्ही पाय सर्वस्वी लुळे पडणे, एकाही मुलास झाला नाही. आता या निबंधातून कोणता आकडा पालकांना सांगावयाचा? शून्य म्हणावे तर ते खरे. सत्तावीस म्हणावे तर तेही खरे. चौथ्या भागाहून अधिक मुलांचा मज्जारज्जू संकटात सापडला आणि सावध हातांनी त्यांना तेथून परत आणले, ही या निबंधातील हकीकत आहे, आणि ती एका टक्केवारीत सांगता येत नाही. मोजणी शेवटच्या दिवशी केली की हे सारे संकट नाहीसे होते. मग ते टळले ते ज्या व्यवस्थेमुळे, ती व्यवस्था नसलेल्या ठिकाणी तोच आकडा सांगण्याचा अधिकार कोणास पोहोचतो?

ही व्यवस्था म्हणजे काय, ते थोडे पाहणे आवश्यक आहे. फ्रान्समधील लियाँ येथील व्होझेल, स्तान्यारा आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1973 साली जागृतीची परीक्षा वर्णन केली. दांडा बसवून झाला की भूल हलकी करावयाची, रुग्णास प्रथम हात हलविण्यास सांगावयाचे, आणि त्याने ते ऐकले अशी खात्री झाली की पाय. हात हलले आणि पाय हलले नाहीत, तर दांड्याचा ताण तात्काळ सैल करावयाचा. साधन काही नाही; फक्त एक वाक्य. परंतु ते वाक्य मुलाला कळले पाहिजे. निबंधांतून ‘रुग्णास आज्ञा दिली जाते’ एवढेच लिहिलेले असते. कोणत्या भाषेत, हे लिहिण्याची कोणास गरज वाटलेली नाही. अर्धवट शुद्धीत, पालथे झोपविलेले, तोंडात नळी असलेले दहा-बारा वर्षांचे मूल त्याच्या घरच्या बोलीत ‘पाय हलव’ म्हटलेले ओळखेल. परक्या भाषेतील आज्ञेचे काय होईल, ते सांगावयास नको. ऐकू न येणारे, मंदबुद्धी अथवा फार लहान मूल तर या परीक्षेच्या बाहेरच राहते. शिवाय ही परीक्षा एका क्षणाची साक्ष देते. मागे काय झाले आणि पुढे काय होईल, याविषयी ती मूक असते.

म्हणून विद्युत्-देखरेख आली. पायाच्या मज्जातंतूस सूक्ष्म विद्युत्-स्पंद द्यावयाचा आणि तो डोक्यापर्यंत पोहोचतो की नाही हे पाहावयाचे, ही पहिली रीत. नूवर आणि सहकाऱ्यांनी 1995 साली अशा देखरेखीखालील 51,263 शस्त्रक्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यातील महत्त्वाचा निष्कर्ष यंत्राविषयी नसून माणसांविषयी आहे : अनुभवी देखरेख-पथकांच्या हाताखाली इजांचे प्रमाण अननुभवी पथकांच्या निम्म्याहूनही कमी होते. तथापि या रीतीत एक मूळचे वैगुण्य आहे. संवेदना वर नेणारे मार्ग मज्जारज्जूच्या मागील भागात आहेत. हालचालीचे मार्ग निराळे, आणि त्यांचा रक्तपुरवठाही निराळा. यंत्र सर्व कुशल सांगत असताना रुग्ण लुळा होऊन उठल्याची हकीकत 1985 मध्येच प्रसिद्ध झाली होती. पुढे मेंदूवरून स्पंद देऊन पायाच्या स्नायूंत त्याचा प्रतिसाद मोजण्याची रीत रूढ झाली आणि ही उणीव बरीच भरून निघाली. परंतु लहान मुलांत हे प्रतिसाद क्षीण असतात, आणि श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या भुलीने ते आणखी मंदावतात. भूल देणाऱ्याने आपली पद्धत बदलल्यावाचून यंत्राचा उपयोग नाही. हॅमिल्टन यांच्या निबंधात मज्जारज्जूची इजा झालेल्या रुग्णांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांतच देखरेखीत बदल दिसल्याची नोंद आहे. व्हिटाले आणि सहकाऱ्यांनी 2014 साली शस्त्रक्रियागृहातील सर्वांसाठी एक कृतिसूची तयार केली : इशारा मिळताच थांबणे, रक्तदाब वाढविणे, रक्ताचे प्रमाण व शरीराचे तापमान पाहणे, शेवटची केलेली दुरुस्ती मागे घेणे. या विषयावरील पुष्कळ निबंधांपेक्षा हे एक पान अधिक मोलाचे आहे, असे आम्हांस वाटते.

आता त्या शब्दाकडे वळू. इंग्रजी वाङ्मयात रोगाचे वाईट वळण आणि उपचाराचा अपाय या दोहोंस एकच शब्द आहे, आणि त्याला मराठीत आपण ‘गुंतागुंत’ म्हणतो. गुंतागुंत ‘होते’, ती कोणी ‘करीत’ नाही. दोऱ्याचा गुंता व्हावा तशी ती आपोआप उद्भवते, असे भाषाच सुचविते. वास्तविक आपल्या जुन्या वैद्यकात हा भेद काटेकोरपणे केलेला आहे. रोगामागून येणारा आणि रोगाच्याच आश्रयाने राहणारा दुसरा विकार तो ‘उपद्रव’. उपचाराच्या कर्मातून जी आपत्ती येते ती ‘व्यापद्’. चरकाच्या सिद्धिस्थानात व्यापदांवर स्वतंत्र अध्याय आहेत, सुश्रुताच्या चिकित्सास्थानातही वमन-विरेचनाच्या व्यापदांवर एक अध्याय आहे. बस्तिकर्माच्या व्यापदांचे विवरण तर थक्क करणारे आहे : चरक नळीचे आठ दोष सांगतो, पिशवीचे आठ सांगतो, आणि मग ज्याच्या हाताने बस्ती दिला जातो त्याचे दहा. नळी आखूड होती की वाकडी, पिशवी फाटकी होती की जाड, हात थरथरला की घाई झाली, हे सर्व निरनिराळे नोंदवावयाचे. प्राचीनांना मज्जारज्जूवरील शस्त्रक्रिया ठाऊक होती असले काही सुचविण्याचा येथे हेतू नाही. तो मोह अनेकांना होतो आणि त्याने विषयाची हानीच होते. परंतु साधनाचा दोष, हाताचा दोष आणि रोगाचा उपद्रव वेगवेगळ्या खान्यांत मांडावयाचे, ही शिस्त त्यांच्यापाशी होती. आणि 2011 सालच्या नोंदवहीत ती शोधावी लागते.

हा भेद महाराष्ट्रात तर जिवंत प्रश्न आहे, कारण येथे कण्याची विकृती म्हणजे केवळ किशोरवयीन मुलींचा बाक नव्हे. कण्याचा क्षय अजून आहे, आणि मुलांत तो विशेष दुष्ट आहे. राजशेखरन यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात क्षय झालेल्या 61 मुलांच्या कण्यांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला. रोग औषधाने बरा झाला तरी मूल वाढत असताना कुबडही वाढत राहू शकते, हे त्यांनी दाखविले. ते कोणाचे वाढेल हे आधी ओळखण्याच्या चार क्ष-किरण खुणाही दिल्या. अशा कुबडात, रोग शमल्यावर पुष्कळ वर्षांनी, मज्जारज्जू झिजून पाय जाऊ शकतात. हा उपद्रव झाला. तो टाळण्यासाठी शस्त्रक्रिया करावी तर त्या मज्जारज्जूला अपाय होण्याचा धोका साध्या बाकापेक्षा मोठा, ही व्यापद्. पालकांपुढील खरी निवड या दोहोंत आहे, आणि ‘गुंतागुंत शंभरात एक’ या वाक्याने ती निवड दिसेनाशी होते. न केलेल्या शस्त्रक्रियेलाही एक धोका असतो, हे त्यात नाही. केलेल्या शस्त्रक्रियेचा धोका या मुलात एक नव्हे, हेही नाही.

या क्षेत्रात भारतीय शल्यविशारदांनी स्वतःचे वाङ्मय निर्माण केले आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातून लाहेरी, बढे आणि देवनानी यांनी क्षयजन्य कुबडावर एकाच बैठकीत मज्जारज्जू मोकळा करून कणा बांधण्याविषयी 2001 साली लिहिलेला निबंध यात गणला पाहिजे. सर्वसाधारणपणे मात्र क्षयाविषयीच्या अशा लेखनावर एक आक्षेप घ्यावासा वाटतो. फळ बहुधा फ्रँकेल यांच्या 1969 सालच्या पाच श्रेणींत मांडले जाते. युद्धातील व अपघातातील जखमींसाठी उपयुक्त असलेली ही शिडी फार रुंद पायऱ्यांची आहे. चौथ्या पायरीवर कसाबसा चालणारा आणि जवळजवळ धावणारा, दोघेही उभे असतात. शस्त्रक्रियेनंतर मूल चालते आहे पण पूर्वीपेक्षा अडखळत, लघवीवर पूर्वीसारखा ताबा नाही, तरी श्रेणी तीच राहते आणि तक्त्यात ‘बदल नाही’ असे लिहिले जाते. व्यापद् घडली आणि शिडीने ती गिळली. ज्या रुग्णांत सुधारणा हेच शस्त्रक्रियेचे उद्दिष्ट होते, तेथे सरासरीने सुधारणा दिसली की बिघडलेली दोन मुले त्या सरासरीत विरून जातात, हा याच दोषाचा दुसरा प्रकार.

सुप्याच्या त्या आईवडिलांना मग काय सांगावे? निदान पाच गोष्टी त्यांना मराठीत कळल्या पाहिजेत, असे वरील छाननीवरून दिसते : मुलाची विकृती कोणत्या जातीची आहे आणि त्या जातीतील प्रमाण काय, शस्त्रक्रिया न केल्यास पायांचे पुढे काय होण्याचा संभव आहे, येथे देखरेख कोणती आहे आणि तिच्यावर बसणारा मनुष्य या कामात किती मुरलेला आहे, इशारा मिळाल्यास दुरुस्ती अर्धवट सोडावी लागेल, आणि तसे सोडणे हे अपयश समजू नये, आणि शस्त्रक्रियेनंतर पायांची परीक्षा कोण, किती वेळा करणार. जागृतीची परीक्षा होण्यासारखी असेल, तर आदल्या संध्याकाळी मुलाशी तिची तालीम त्याच्याच शब्दांत व्हावी. याला खर्च नाही.

एक प्रश्न मात्र रुग्णालयाच्या आधीचा आहे. मॅकएवन यांच्या यादीत पहिलाच क्रम मोठ्या बाकाचा आहे, आणि बाक मोठा होतो तो उशिरा लक्षात आल्याने. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी 2013 मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. अंगणवाड्या व शाळांतील मुलांची तपासणी हे त्याचे काम. त्याच्या मूळच्या तीस विकारांच्या यादीत मज्जानलिकेचा जन्मदोष आहे, वाकडे पाऊल आहे, नितंबाच्या सांध्याचा दोष आहे; वाढत्या वयातील कण्याचा बाक स्वतंत्रपणे नाही. मुलाला कमरेत पुढे वाकवून, पाठीची एक बाजू उचललेली दिसते काय हे मागून पाहावयाचे, ही परीक्षा विल्यम ॲडम्स यांनी 1865 साली वर्णन केली. तिला कोणतेही यंत्र लागत नाही, आणि मुलींची पाठ पाहावयाची म्हणून पथकात एक स्त्री असावी लागते.